कोळशाची सहा कामं

महाराष्ट्रात कोळशाच्या विजेवर चर्चा सुरू झाली की दोन बाजू ऐकू येतात. एक बाजू म्हणते, चंद्रपूरची हवा बघा, कोराडी-खापरखेड्याची राख बघा, आणि ही केंद्रं बंद करा. दुसरी म्हणते, संध्याकाळी सात वाजता सूर्य नसतो; तेव्हा घरातला पंखा कशावर फिरणार तेवढं सांगा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. अडचण अशी की दोघीही एकाच आकड्यावर भांडतात : मेगावॅट. कोळशाचे हजार मेगावॅट काढले तर सौरऊर्जेचे किती हजार बसवायचे, हा जणू शाळेतल्या त्रैराशिकाचा प्रश्न आहे.

माझी नोकरी वीजव्यवस्थेत झाली. त्यातली बरीच वर्षं भार प्रेषण केंद्रात गेली, म्हणजे राज्याची मागणी आणि निर्मिती यांचा मेळ जिथे क्षणोक्षणी घातला जातो त्या कक्षात. तिथे बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. औष्णिक केंद्राचा एक संच बंद पडला की आपल्या हातून फक्त २१० किंवा ५०० मेगावॅट जात नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी बरंच काही जातं, आणि ते त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

एखाद्या जुन्या कचेरीतला हेडक्लार्क निवृत्त होतो तसंच हे आहे. त्याच्या जागी नवा माणूस येतो, पगारपत्रकं वेळेवर निघतात, आणि महिन्याभरात लक्षात येतं की कपाटाची दुसरी किल्ली, जुन्या फायलींची वाट, रागावलेल्या अभ्यागताची समजूत, हे सगळं तोच बघत होता. त्याच्या नेमणुकीच्या आदेशात यातलं काहीच नव्हतं. कोळसा हा वीजव्यवस्थेतला असा हेडक्लार्क आहे. त्याला निरोप द्यायचा असेल तर आधी त्याच्या कामांची यादी करावी लागते. ती यादी करून आणि एकेक काम दुसऱ्याकडे सोपवून एका मोठ्या प्रदेशाने कोळसा पूर्ण थांबवला आहे. तो प्रदेश म्हणजे कॅनडाचा ओंटारिओ प्रांत. त्याने काय साधलं आणि कुठे मोठी किंमत मोजली, हे आपल्या नियोजनाच्या दृष्टीने तपासण्यासारखं आहे.

२००३ चं ओंटारिओ

ओंटारिओ क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साडेतीनपट आहे, पण २००३ साली त्याची लोकसंख्या होती जेमतेम सव्वा कोटी. त्यातले बहुतेक लोक दक्षिणेला, सरोवरांच्या काठाने राहतात. टोरंटो आणि शेजारच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टन या शहरांत आज मराठी कुटुंबंही बरीच आहेत. माझी मुलगी त्यांतल्याच एका घरात राहते, म्हणून तिथलं वीजबिल आणि तिथली वीजचर्चा मला जवळून बघायला मिळाली.

त्या वर्षी प्रांताची सुमारे २५ टक्के वीज कोळशातून येत होती. पाच केंद्रं मिळून क्षमता साडेसात हजार मेगावॅटच्या आसपास होती. इरी सरोवराकाठचं नँटिकोक एकटंच जवळपास चार हजार मेगावॅटचं, म्हणजे आपल्या आजच्या चंद्रपूर केंद्रापेक्षा (२,९२० मेगावॅट) हजारभर मेगावॅटने मोठं. अमेरिकेच्या सीमेजवळ लँब्टन, मिसिसागात अगदी शहराला लागून लेकव्ह्यू, आणि दूर वायव्येला अटिकोकन व थंडर बे ही दोन छोटी केंद्रं.

उन्हाळ्यात टोरंटोवर धुरकं दाटायचं. सरकार त्या दिवशी ‘स्मॉग’चा इशारा देई आणि दमेकऱ्यांना व म्हाताऱ्यांना घरात थांबायला सांगे. २००५ साली असे ५३ दिवस नोंदले गेले. त्याच वर्षी प्रांतिक सरकारसाठी झालेल्या एका अभ्यासाने कोळशाच्या विजेचा संपूर्ण हिशेब मांडला. इंधन, देखभाल, आजारपणं, अकाली मृत्यू आणि पर्यावरणाची हानी धरून कोळशाची वर्षाची किंमत ४.४ अब्ज डॉलर निघाली. वर्षाला सहाशेहून अधिक अकाली मृत्यू या केंद्रांच्या धुराशी जोडता येतात, असाही त्यात अंदाज होता. जी वीज स्वस्त म्हणून ओळखली जात होती, तिच्या बिलाचा मोठा भाग इस्पितळांत भरला जात होता.

राजकीय निर्णय त्याआधीच सुरू झाले होते. २००१ साली कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने लेकव्ह्यूला एप्रिल २००५ पर्यंत कोळसा थांबवण्याचा आदेश दिला होता. ऑक्टोबर २००३ मध्ये डाल्टन मॅकगिन्टी यांचा लिबरल पक्ष निवडून आला तो २००७ पर्यंत सगळीच केंद्रं बंद करण्याचं आश्वासन देऊन. त्याच वर्षी १४ ऑगस्टला ओहायोत सुरू झालेल्या बिघाडाने ईशान्य अमेरिका आणि ओंटारिओतले मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले होते. अंधाराची आठवण ताजी असताना चार वर्षांत पाव वीज बदलायची होती.

यादी

अशा वेळी नियोजनकर्त्याने कोणती यादी लिहावी? मी ती सहा कामांची लिहीन.

पहिलं काम ऊर्जेचं. वर्षभरात किती युनिट वीज मिळाली हा हिशेब. हे सर्वांना दिसतं, आणि सौर व पवनऊर्जेची तुलना बहुतेक वेळा इथेच थांबते.

दुसरं काम ऐन वेळेला हजर राहण्याचं. वर्षातल्या ८,७६० तासांपैकी मोजक्या तासांत मागणी शिखरावर जाते. त्या तासांत जो उभा राहतो त्याची किंमत वेगळी. तो इतर वेळी रिकामा बसला तरी चालतो. त्या तासाला नसला तर भारनियमन.

तिसरं काम चढउताराबरोबर चालण्याचं. संध्याकाळी दिवे लागतात, स्वयंपाकघरं जागी होतात, मागणी तासाभरात झपाट्याने चढते. कुणीतरी त्या वेगाने निर्मिती वाढवावी लागते आणि रात्री उतरवावी लागते.

चौथं काम व्होल्टेज आणि फ्रीक्वेन्सी सांभाळण्याचं. हे सर्वांत कमी दिसतं. इमारतीच्या सातव्या मजल्यावर नळाला पाणी हवं तर टाकीत पाणी असून भागत नाही, दाब लागतो. आणि दूरच्या पंपाचा दाब वाटेतच विरतो, म्हणून पंप जवळ लागतो. व्होल्टेजचं तसंच आहे. त्याला आधार देणारी ‘रिॲक्टिव्ह’ शक्ती तारांवरून फार लांब नेता येत नाही. फ्रीक्वेन्सीचं गणित निराळं. औष्णिक केंद्रातलं शेकडो टन वजनाचं चक्र मिनिटाला तीन हजार फेरे घेत असतं. फिरतं जातं हात काढल्यावरही काही फेरे घेतंच, तसं कुठे बिघाड झाला तरी हे चक्र काही सेकंद व्यवस्थेला सावरून धरतं. त्या सेकंदांत बाकीची यंत्रणा जागी होते.

पाचवं काम जागेचं. शहराच्या कुशीतलं केंद्र शहराकडे येणाऱ्या तारांवरचा ताण कमी करतं. तेवढीच वीज तीनशे किलोमीटरवर तयार केली तर तारा आणि उपकेंद्रं नव्याने बांधावी लागतात.

सहावं काम पोट भरण्याचं. केंद्राचे कामगार, कंत्राटी मजूर, कोळसा वाहणारे, गेटबाहेरची चहाची टपरी, गावाच्या नगरपालिकेचा कर. अभियंत्यांच्या अहवालात हे काम परिशिष्टात जातं. गावात तेच पहिलं असतं.

हस्तांतर

ओंटारिओने २००४ च्या कायद्याने दीर्घकालीन नियोजनासाठी ‘ओंटारिओ पॉवर अथॉरिटी’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली आणि तिला वीस वर्षांचा आराखडा करायला सांगितलं. ही यादी तिथे माझ्या शब्दांत लिहिलेली नव्हती, पण घटनाक्रम पाहिला तर कामं एकेक करून सोपवलेली दिसतात.

ऊर्जेचं काम मुख्यतः अणुऊर्जेकडे गेलं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रूस आणि पिकरिंग या केंद्रांतल्या अणुभट्ट्या बंद ठेवल्या गेल्या होत्या. त्यांतल्या सहा दुरुस्त होऊन परत आल्या : काही २००३ ते २००५ मध्ये, आणि ब्रूसच्या शेवटच्या दोन २०१२ मध्ये. मिळून सुमारे चार हजार मेगावॅट, तेही रात्रंदिवस चालणारे. प्रांताच्या विजेतला अणुऊर्जेचा वाटा २००३ मधल्या ४० टक्क्यांच्या आसपासवरून २०१४ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेला. पवन आणि सौरऊर्जेचं नाव या कथेत फार घेतलं जातं, पण २०१४ साली पवनऊर्जेचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास होता. कोळशाच्या युनिटांची जागा प्रामुख्याने अणुभट्ट्यांनी भरली, हे नोंदवायलाच हवं.

अणुभट्टी मात्र मागणीबरोबर सहज वर-खाली होत नाही. म्हणून दुसरं आणि तिसरं काम, म्हणजे ऐन वेळी उभं राहणं आणि चढउतार सांभाळणं, हे नव्या गॅस केंद्रांकडे आणि नायगरासारख्या जुन्या जलविद्युत केंद्रांकडे गेलं. टोरंटोच्या बंदराजवळ ५५० मेगावॅटचं गॅस केंद्र उभं राहिलं, तसंच ब्रॅम्प्टन आणि हॉल्टन हिल्स इथेही. ही केंद्रं शहरांजवळ असल्याने पाचव्या कामाचाही काही भार त्यांनी उचलला.

चौथ्या आणि उरलेल्या पाचव्या कामासाठी पारेषणात पैसे घालावे लागले. ब्रूसची वाढलेली वीज टोरंटोकडे आणायला ब्रूस ते मिल्टन अशी सुमारे १८० किलोमीटरची ५०० केव्हीची दुपदरी वाहिनी बांधली. ती २०१२ मध्ये पूर्ण झाली. नँटिकोकची चक्रं थांबल्यावर व्होल्टेज ढासळू नये म्हणून तिथल्याच उपकेंद्रात व्होल्टेज सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली. केंद्र गेलं, पण त्याचं हे काम त्याच जागी उरलं.

क्रमही पाहण्यासारखा आहे. लेकव्ह्यू एप्रिल २००५ मध्ये ठरल्या दिवशी बंद झालं. पुढच्या वर्षी त्याची चार उंच धुराडी पाडली; स्थानिक लोक त्यांना ‘चार बहिणी’ म्हणत आणि सरोवरातले नावाडी त्यांच्या खुणेने दिशा ओळखत. ऑक्टोबर २०१० मध्ये नँटिकोकचे दोन आणि लँब्टनचे दोन संच थांबले, २०११ च्या अखेरीस नँटिकोकचे आणखी दोन. उरलेले संच उभे होते, पण क्वचितच चालत. २०११ मध्ये कोळशाचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आला होता, तरी क्षमता शिल्लक होती. म्हणजे कोळशाकडून आधी ऊर्जेचं काम काढून घेतलं, आणि हजर राहण्याचं काम सर्वांत शेवटी. घरातल्या वडीलधाऱ्याने रोजचा व्यवहार मुलाकडे द्यावा आणि अडीअडचणीला काही वर्षं पाठीशी असावं, तसं. माझ्या मते संपूर्ण प्रयोगातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. २०१३ मध्ये लँब्टन आणि नँटिकोक थांबले, आणि एप्रिल २०१४ मध्ये थंडर बेमध्ये शेवटचा कोळसा जळला. पुढच्या वर्षी कायदा करून कोळशाच्या विजेचा दरवाजाच बंद केला गेला. कोळसा पूर्णपणे सोडणारा उत्तर अमेरिकेतला हा पहिला मोठा वीजप्रदेश ठरला.

२००७ चं आश्वासन २०१४ मध्ये पुरं झालं, हे खरं. आधी नँटिकोकची मुदत २००९ वर गेली, मग २००६ मध्ये तीही जमणार नाही असं सरकारने सांगितलं, कारण पर्यायी क्षमता वेळेत उभी राहणार नाही असं नियोजनकर्ते आणि व्यवस्था चालवणारे सांगत होते. विरोधकांनी खिल्ली उडवली. पण ऑगस्ट २००७ मध्ये ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख नियमात लिहिली गेली, आणि ती लिहिल्यावर हलली नाही. पहिली तारीख निवडणुकीत ठरली होती, शेवटची यादी पाहून. दोहोंतला फरक हाच आहे.

जिथे हिशेब बिघडला

परिणाम मोठा होता. वीजक्षेत्राचं कार्बन उत्सर्जन वर्षाला सुमारे तीन कोटी टनांनी घटलं. २०१४ साली ‘स्मॉग’चा एकही इशारा द्यावा लागला नाही. याचं सगळं श्रेय या पाच केंद्रांच्या बंदीला देता येणार नाही. ओंटारिओवरचं बरंच धुरकं सीमेपलीकडच्या अमेरिकी राज्यांतून येई आणि तिथेही त्या काळात प्रदूषण कमी झालं. तरी आपल्या वाट्याचं काम प्रांताने केलं होतं.

पैशांची बाजू तेवढी चांगली नाही. २००९ च्या हरित ऊर्जा कायद्याने सौर आणि पवनऊर्जेला वीस वर्षांचे निश्चित दर देऊ केले. घराच्या छपरावरच्या छोट्या सौरसंचाला युनिटमागे ८०.२ सेंट! पुढच्या काही वर्षांत सौरपट्ट्यांच्या किमती जगभर कोसळल्या, पण आधी झालेले करार कोसळले नाहीत. यातच प्रांतात बनलेला माल वापरण्याची अट जागतिक व्यापार संघटनेत २०१३ साली टिकली नाही. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की २००६ ते २०१४ या काळात घरगुती आणि छोट्या ग्राहकांच्या बिलातला विजेचा भाग ७० टक्क्यांनी वाढला. ही वाढ निव्वळ कोळसा सोडल्यामुळे झाली असं म्हणणं चूक ठरेल. अणुभट्ट्यांची दुरुस्ती, जुन्या तारांची बदली, घटलेल्या मागणीवर पसरलेला स्थिर खर्च, सगळंच त्यात होतं. पण बिल हातात घेतलेल्या माणसाला ही विभागणी दिसत नाही. त्याला ‘हरित’ हा शब्द आणि वाढलेली रक्कम शेजारी-शेजारी दिसते. २०१८ च्या निवडणुकीत विजेचं बिल हा मोठा मुद्दा होता. लिबरल पक्ष सात जागांवर आला आणि नव्या सरकारने हरित ऊर्जा कायदा रद्द केला.

पाचव्या कामाची, म्हणजे जागेची, उपेक्षा आणखी महाग पडली. टोरंटोच्या पश्चिमेला दोन गॅस केंद्रं ठरली होती, ओकव्हिल आणि मिसिसागा इथे. तिथली मागणी वाढत होती आणि लेकव्ह्यू गेलं होतं, म्हणून जागा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होती. पण वस्तीजवळ केंद्र नको म्हणून लोक उठले. सरकारने २०१० मध्ये ओकव्हिलचं केंद्र रद्द केलं आणि २०११ च्या ऐन निवडणुकीत मिसिसागाचं, तेही बांधकाम सुरू झाल्यावर. महालेखापरीक्षकांच्या हिशेबाने या दोन रद्द करारांचा भुर्दंड सुमारे ९५ कोटी डॉलरचा. दोन्ही केंद्रं शेवटी दूरच्या जागी उभी राहिली : एक नापानीला, दुसरं जुन्या लँब्टन केंद्राच्या परिसरात. मेगावॅट तेवढेच राहिले, पण ज्या कामासाठी ते हवे होते ते काम झालं नाही.

या सगळ्यामागे एक संस्थात्मक दोष होता. स्वतंत्र संस्थेचा वीस वर्षांचा आराखडा २००७ मध्ये नियामक मंडळापुढे गेला खरा, पण २००८ मध्ये सरकारने तो फेरविचारासाठी थांबवला आणि त्याला कधीच मंजुरी मिळाली नाही. पुढे मंत्र्यांच्या आदेशांवर कारभार चालला. नियामकापुढच्या सुनावणीत गैरसोयीचे प्रश्न विचारले जातात, पर्यायांच्या किमती तपासल्या जातात. ती पायरी गाळली की वेळ वाचतो, आणि पुढे बिल वाढतं.

सहाव्या कामाचं काय झालं? मोठी केंद्रं सरकारी कंपनीची होती, तिच्याकडे अणू आणि जलविद्युत केंद्रंही होती, त्यामुळे बऱ्याच कामगारांना दुसरीकडे सामावून घेता आलं. अटिकोकन हे लोहखनिजाच्या खाणींवर वाढलेलं आणि खाणी बंद पडल्यावर एकदा उठलेलं गाव. तिथलं केंद्र लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालेल असं बदललं. गाव राहिलं. थंडर बेमध्येही तसाच प्रयोग केला. तिथे विजेचा खर्च इतर जैवइंधन केंद्रांच्या २५ पट निघाला आणि २०१८ मध्ये ते केंद्र बंद झालं. गावाला आधार द्यायचा तर तो आधार म्हणून उघडपणे द्यावा. विजेच्या दरात लपवला की ना वीज परवडते, ना गाव टिकतं.

नशिबाचा भाग

ओंटारिओचं कौतुक करताना त्याच्या पत्त्यांत कोणते हुकूम होते तेही सांगितलं पाहिजे. प्रांतात कोळशाच्या खाणी नव्हत्या. कोळसा बाहेरून येई, त्यामुळे खाणकामगारांचा प्रश्न उद्भवला नाही. बंद पडलेल्या अणुभट्ट्या तयार होत्या. पाव वीज आधीच पाण्यापासून येत होती. आणि २००८ च्या मंदीनंतर कारखान्यांची मागणी घसरली : २००५ मध्ये वर्षाची मागणी १५७ अब्ज युनिट होती, ती २०१४ मध्ये १४० अब्जांवर आली. १ ऑगस्ट २००६ रोजी नोंदलेलं २७,००५ मेगावॅटचं शिखर त्यानंतर गाठलं गेलं नाही. उतरत्या मागणीत कोळसा सोडणं आणि चढत्या मागणीत सोडणं यांत, घाट उतरण्यात आणि चढण्यात असतो तेवढा फरक आहे.

पुढचीही गोष्ट बाकी आहे. अणुभट्ट्या आता पुन्हा दुरुस्तीला आणि निवृत्तीला आल्या आहेत, आणि गॅसचा वाटा पुन्हा वर चढला आहे. काम सोपवलं ते कायमचं सोपवलं असं होत नाही.

आपली यादी

महाराष्ट्राकडे यातला एकही हुकूम नाही. राज्याची कमाल मागणी तीस हजार मेगावॅटच्या घरात आहे आणि वाढते आहे. चंद्रपूर जिल्ह्यात केंद्र आणि खाणी शेजारी-शेजारी आहेत. तिथे सहावं काम बाकी पाचांपेक्षा अवघड ठरेल. देशाने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे, पण कोळसा संपवण्याची तारीख दिलेली नाही. तरीही प्रश्न दूरचा नाही. नाशिकच्या एकलहरे इथले २१० मेगावॅटचे संच चाळिशी ओलांडून गेले आहेत, चंद्रपूरचे पहिले दोन संच निवृत्त झाले आहेत. जुन्या संचांची जागा कुणी घ्यायची हा निर्णय घ्यावाच लागणार. आणि नव्या औष्णिक संचाशी आज केलेला करार साधारण पंचवीस वर्षं ग्राहकाच्या बिलात राहतो. आज शाळेत जाणारी मुलं त्याचे हप्ते भरतील.

कोळसा ऐन वेळेला हमखास उभा राहतो, या समजालाही मर्यादा आहे. २०१५ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. औष्णिक केंद्राला कोळशाइतकंच पाणी लागतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे वेगळे पत्ते आहेत. पहिला पत्ता शेतीपंपांचा. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला रात्री वीज दिली गेली आणि तो साप-विंचवाच्या भीतीत दारं धरत राहिला. २०१७ पासूनची सौर कृषी वाहिनी योजना हे पंप दिवसा, गावाजवळच्या सौर प्रकल्पावर चालवू पाहते. याकडे शेतकऱ्याची सोय म्हणून पाहिलं जातं आणि ती आहेच; पण भार प्रेषण केंद्रातून पाहिलं तर ही मागणी सूर्याच्या वेळेला आणून बसवण्याची मोठी संधी आहे. मागणी हलवली की दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाचा बोजा हलका होतो.

दुसरा पत्ता सह्याद्रीचा. कोयनेची १,९५६ मेगावॅट क्षमता संध्याकाळच्या चढाला मिनिटांत हजर होते, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. म्हणून पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या उदंचन प्रकल्पांना महत्त्व आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे आणि नवे पुष्कळ ठरत आहेत. त्यांच्या जमिनीचा, जंगलाचा आणि विस्थापितांचा प्रश्न आधीच सोडवला नाही, तर ओकव्हिल आणि मिसिसागाची पुनरावृत्ती सह्याद्रीत होईल.

चौथं आणि पाचवं काम आपल्याला मुंबईने शिकवलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी बाहेरून येणाऱ्या वाहिन्या कोसळल्या आणि मुंबई महानगर कित्येक तास अंधारात गेलं. देशात त्या दिवशी विजेचा तुटवडा नव्हता. वीज शहरात पोचवण्याची वाट तुटली होती. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी आली. मुंबईजवळचं कुठलंही केंद्र बंद करण्याआधी विचारायचा प्रश्न हाच : त्याचं जागेचं काम कोणती वाहिनी करणार, आणि ती कधी पूर्ण होणार?

कागदावर आपली चौकटही तयार आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दीर्घकालीन वीज-पर्याप्ततेची मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि राज्य वीज नियामक आयोगाने २०२४ मध्ये त्यासाठी विनियम केले. वितरण कंपन्यांना पुढच्या दहा वर्षांची मागणी आणि ती भागवण्याची तजवीज मांडावी लागते. आयोगासमोर जनसुनावण्या होतात आणि तिथे कुणीही जाऊ शकतं. बहुतेक वेळा तिथे उद्योगांचे प्रतिनिधी आणि मोजके ग्राहक कार्यकर्तेच दिसतात.

माझी सूचना साधी आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक संचासाठी सहा रकान्यांचा तक्ता आयोगाने मागावा आणि मराठीत प्रसिद्ध करावा : त्याची ऊर्जा कोण देणार, ऐन वेळेला कोण उभं राहणार, चढउतार कोण सांभाळणार, व्होल्टेज कोण धरणार, तारा कुठून येणार, आणि तिथल्या माणसांचं काय होणार. शेवटी दोन ओळी : याला किती पैसे लागतील, आणि ते कोणाच्या बिलात येतील. सहाही रकाने भरले की तारीख आपोआप निघेल. ती कदाचित पर्यावरणवाद्यांना उशिराची वाटेल आणि वीज कंपन्यांना लवकरची. रकाना रिकामा असताना जाहीर केलेली तारीख पुढे ढकलावी लागते, हे ओंटारिओने दोनदा अनुभवलं. आणि रकाने कधीच भरायला घेतले नाहीत, तर जुने संच आपापल्या वयाने मोडतील, त्या दिवशी जो पर्याय हाताशी असेल तो मिळेल त्या दराने घ्यावा लागेल, आणि चंद्रपूरचं मूल तोवर तीच हवा घेत राहील.